मोहाच्या दिवसांतली शाळा

मी सरपंच म्हणून निवडून आले तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं, खुर्चीत ही बसेल आणि कारभार दुसरेच करतील. मला तसं कधीच वाटलं नाही. आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, रामटेकच्या पुढे जंगलाला लागून. अर्धी वस्ती कुणब्यांची, अर्धी आम्हा गोंडांची, ओढ्यापलीकडच्या टोलीत, म्हणजे पाड्यात. गोंडाघरचा सरपंच गावाने पहिल्यांदाच पाहिला, आणि तोही बाईमाणूस.

पहिलं काम माझ्या मनात पक्कं होतं. ऊन तापू लागलं की शाळा सकाळची होई. मोहाची फुलंही पहाटेच पडतात, वेळेत वेचली नाहीत तर गुरं खातात. त्यामुळे टोलीतली पोरं ऐन परीक्षेच्या तोंडावर शाळेतून गायब होत, नापास होत आणि घरी बसत. माझीही शाळा तिसरीत अशीच सुटली होती.

गुरुजींना म्हटलं, "मोह पडते तोवर शाळा संध्याकाळी भरवा."

गुरुजी भला माणूस. म्हणाले, "मले चालते बाई. पण वेळ बदलाचा हुकूम नागपूरहून आला पायजे."

मी एसटीनं नागपूर गाठलं. सदर भागातल्या शिक्षण विभागाच्या ऑफिसात साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलांना फुलं वेचायला पाठवूच नका ना."

"साहेब, पेरणीच्या वक्ती शेतकऱ्याच्या घरी कोणी बसून राह्यते का? मोह आमचं पीकच आहे. फक्त पेरा लागत नाही."

साहेब हसले. थोडा विचार करून म्हणाले, "ग्रामसभेचा ठराव आणा. वेळ बदलून देतो."

ग्रामसभेत मी आधी गोंडीत बोलले. टोलीतल्या बायांनी चमकून वर पाहिलं, आणि कधी तोंड न उघडणाऱ्या त्या बाया एकेक करून बोलू लागल्या. मग मी तेच मराठीत सांगितलं. कुणब्यांतले एक म्हातारे काका उठले.

"संध्याकाळी आमची ढोरं घरी येते. वासरं कोण बांधन? तुमच्या मोहासाठी आमच्या पोराईनं काहून वेळ बदलावा?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, "काका, दुपार कलली का शाळा भरन, ढोरं यायच्या पयलेच सुटन. आन् तुमचाही गहू याच दिवसांत निघते न? सकाळी पोरं वावरात आली तर तुमाले नको हायेत का?"

सभा हसली. काकाही हसले. "पायजेत वं बाई. लिवा ठराव."

ठराव मी नागपूरला नेऊन दिला, हुकूम आला आणि संध्याकाळची शाळा कडुलिंबाखाली भरली. गुरुजींनी टाटपट्ट्या अंथरल्या. टोलीची पोरं ओढ्यात हातपाय धुऊन आली, तरी त्यांच्या अंगाला मोहाचा गोड वास येत होता. गावातली पोरं जरा सरकून बसली आणि त्यांनी जागा करून दिली. मी लांब उभी राहून पाढे ऐकत होते.

निकालाच्या दिवशी गुरुजी स्वतः टोलीत आले. पास झालेल्यांची नावं त्यांनी मोठ्यानं सांगितली. चौथी पास झालेल्या एका पोरीची आई माझ्याकडे वळून म्हणाली, "आता पाचवीले इले कुठं घालू वं?"

पाचवीची शाळा आमच्या गावात नव्हती. "मी पाह्यतो," मी म्हटलं, आणि पंचायतीच्या पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घेतला.