ओढूमामांचा कोयंडा

नातीला दात आला तरी आजोबांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि त्याला कारण एक कुलूप.

गल्लीत त्यांना ओढूमामा म्हणत. जन्म कारखान्यात फिटर म्हणून गेला. त्यांनी आवळलेला नट कधी सैल निघाला नाही. हाताखालच्यांना एकच सांगणं, "बसला की सोडा. बसलेल्यावर जोर कराल तर आटे जातील." कामावर हा नेम पक्का. घराच्या दारापाशी मात्र अक्कल गहाण. कुलूप लावायचं, ओढायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं, परत येऊन पुन्हा ओढायचं. मुलीच्या गावाला बस दिवसातून एकच. मागच्या खेपेला मामा थांब्यावरून मागे फिरले आणि बस गेली. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, ती आता रांगेल. तुम्ही कुलूपच बघत बसा."

या वेळी मामींनी आपल्या भावाला बोलावून घेतलं. भाऊ गवंडी. तंबाखू सुटल्यापासून जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तो बोलायला मोकळा.

"दाजी, हे व्यसन आहे," पिशव्या दाराबाहेर ठेवत तो म्हणाला. "एकदा कबूल करा, म्हणजे सुटेल."

"व्यसन?" मामा भडकले. "तुला तंबाखूची मजा यायची की नाही?"

"यायची की. सकाळची पहिली चिमूट म्हणजे स्वर्ग."

"मला कुलूप ओढून कुठला स्वर्ग दिसतो? पोटात गोळा येतो म्हणून ओढतो. ओढलं की जातो. कोपऱ्यावर पोचलो की पुन्हा हजर."

मेव्हणा डोकं खाजवत राहिला. "शेवटी शेवटी माझंही तेच होतं हो. मजा कधीच गेली होती. नुसता गोळा उरला होता."

"माझ्या ओढण्यात मजा आधीपासूनच नव्हती. म्हणजे तुझं ते व्यसन, माझी ही खोड."

"खोड म्हणा नाहीतर व्यसन," मामी म्हणाल्या, "बस दोघांसाठीही थांबत नाही. अहो, लावा ते."

मामांनी कुलूप लावलं. ओढलं. पायऱ्या उतरले, परत चढले, ओढलं. पुन्हा उतरले. पुन्हा चढायला लागले तशी मामींनी पिशवी उचलली.

"मी चालले. नात माझीही आहे."

ते ऐकून गोळा दुप्पट झाला. मामांनी शेवटचं म्हणून दोन्ही हातांनी ओढलं, आणि कोयंडा चौकटीतून उखडून हातात आला. दार सताड उघडं. कुलूप मात्र पक्कं लागलेलं.

मामींना हसू आवरेना. त्या पायरीवरच बसल्या.

"वा दाजी," मेव्हणा म्हणाला, "चोराला एवढी मेहनत परवडली नसती."

मामा हसले नाहीत. त्यांनी चौकटीची भोकं पाहिली. लाकूड आतून झिजलेलं, स्क्रूला धरायला जागा नाही. रोजच्या ओढण्याचं काम. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर त्याला त्यांनी दिवसभर कानस घासायला बसवलं असतं. त्यांनी हत्यारांची पेटी आणली, गिरमिटाने आरपार भोकं पाडली, बोल्ट घातले, आतून नट आवळले. घाई होती, तरी एकही तिरका नाही. नट बसला तसा पाना काढला.

मामींनी कुलूप लावून किल्ली पिशवीत टाकली. "ओढणार?"

मामांचा हात पुढे गेला. थांबला.

"बसलंय," ते म्हणाले.

कोपऱ्यावर गोळा आलाच. मामांनी मेव्हण्याकडच्या पिशव्याही स्वतःकडे घेतल्या. हात रिकामा असला की माणसाला मागे ओढतो. थांब्यावर बसचं इंजिन सुरूच होतं. धापा टाकत दोघं चढले. मेव्हण्याने खालून हात हलवला आणि तोंडात लवंग टाकली. ती चावून होते न होते तोच दुसरी.

"हे काय रे?" मामांनी खिडकीतून विचारलं.

"तंबाखूऐवजी."

"दिवसभर?"

"खोड आहे हो," मेव्हणा ओशाळून म्हणाला.

बस हलली. कंडक्टर आला. मामा म्हणाले, "दोन."

"अडीच द्या," मामी म्हणाल्या. "यांचा गोळा बरोबर आलाय."