ओल्या फडक्याखालचा अर्धा तास

नंदाताई सकाळी गेली आणि तासाभरात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, ‘माझ्या बेकिंग क्लासची गुणी विद्यार्थिनी नंदाताई आपल्यात राहिली नाही.’ धाडणारी वरच्या मजल्यावरची पल्लवी. मी अजून ताईच्या उशाशीच बसले होते. तळपायाची आग मस्तकात गेली. माझी थोरली जाऊ, आणि हिची विद्यार्थिनी? आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना राग काढू नये म्हणतात. मी काढणार आहे.

कासारवाडीच्या आमच्या घरात डोनट आणले ते नंदाताईनं. थोरले दीर चाकणच्या कंपनीत टूलरूमला. त्यांनी स्टीलच्या पाइपाच्या दोन तुकड्यांना लेथवर धार लावून तिला कटर करून दिला होता, मोठ्या कड्याच्या आत लहान कडं. दर रविवारी मैदा, कोमट दूध, यीस्ट, लोणी मळून ती पातेलं हॉलमधल्या इन्व्हर्टरवर ठेवायची, तिथल्या उबेनं पीठ फुगतं म्हणून. “घाई केली की रुसतं गं ते, सुमे,” म्हणायची. तळलेले डोनट गरम असतानाच दुधात कालवलेल्या पिठीसाखरेत बुडवायची आणि अख्ख्या जिन्यात वाटायची.

असंच एकदा वाटलेल्या ताटलीचा फोटो काढून पल्लवीनं ग्रुपवर टाकला, ‘माझ्या हातचे’! वर क्लासची जाहिरात. आणि आठवड्यानं वही घेऊन आमच्याच दारात हजर, कृती विचारायला. आमच्या ताईसाहेबांनी तिला चहा पाजून सगळं सांगितलं... पार साखरेत बुडवण्यापर्यंत. मी आतून नुसती धुमसत होते. ती गेल्यावर म्हटलं, “ताई, तिनं उघड उघड चोरी केली आणि तू तिलाच पाट मांडतेस?” ताई नुसती हसली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तिनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“सुमे, कापल्यावर दुसऱ्यांदा फुगवायचं... ते मी तिला सांगितलंच नाही.”

आणि अशी हसली की खोकल्याची उबळ आली, सिस्टर रागावल्या. दम लागलेला असतानाच म्हणाली, “मला म्हणते कशी, तुम्ही दहावी नापास, तुम्हाला प्रमाण काय कळणार! मनात म्हटलं, बस आता दगड चावत. तिला सांगू नकोस हं, शपथ आहे माझी.” मी इतकी वर्षं तिला देवमाणूस समजत होते. निघाली माझ्याच जातकुळीची! त्या दिवशी मला ती सगळ्यात जास्त आवडली.

दहाव्याला पल्लवी आली. डोळे पुसले, मग हळूच म्हणाली, “त्यांचे इतके हलके कसे व्हायचे हो? माझ्या क्लासमधल्या बायकांचे फार घट्ट होतात.”

“तुमचीच विद्यार्थिनी ना ती?” मी म्हटलं. “तुम्हीच शिकवलं असेल.”

तिचं तोंड बघण्यासारखं झालं. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना. तो मेसेज अजून तिथंच आहे, खाली सगळ्या सोसायटीचे जोडलेले हात. माझ्या ताईचं नाव कायमचं हिच्या हाताखाली?

तर मैत्रिणींनो, लिहून घ्या. कडी कापली की लगेच कढईत सोडायची नाहीत. ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली अर्धा तास पुन्हा फुगू द्यायची, मगच तळायची. ही नंदाताईची कृती. ज्यांनी क्लास केला, त्यांनी उद्या मॅडमना विचारावं, हे आम्हाला का नाही शिकवलंत? ताई, शपथ मोडली नाही हं मी. तिला नाही सांगितलं, सगळ्यांना सांगितलं.

कटर आता माझ्याकडे आहे. रविवारी कडी कापून फडकं घालते आणि तो अर्धा तास तिच्यासारखीच शेजारी नुसती बसून राहते. तेव्हा मात्र रडू येतं... कढई तापली की डोळे पुसते आणि स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडते. वास वर जातो.