आत किचनमध्ये थांबा

“मॅडम, तुम्ही जरा अ‍ॅडजस्ट करा. आत किचनमध्ये थांबा.”

गेल्या वर्षी संक्रांतीनंतरचं शाळेतलं हळदीकुंकू. संस्थेच्या अध्यक्षांच्या बायकोने हसत हसत माझ्या हातातलं कुंकवाचं ताट काढून घेतलं. सकाळपासून रांगोळी मी काढली होती. तिळगूळ मी भरला होता. पण त्याआधीच्या पावसाळ्यात माझा नवरा गेला होता. विधवेच्या हातचं कुंकू कोणाला चालणार?

मी गेले. किचनमध्ये कप विसळत राहिले. बाहेर उखाणे चालले होते. हशा ऐकू येत होता.

मी पहिलीला इंग्रजी शिकवते. डिक्शनरीत ‘अ‍ॅडजस्ट’ या शब्दाचा अर्थ आहे, जुळवून घेणे. चांगला अर्थ आहे. कोल्हारच्या एसटीत चौथी बाई तिघींच्या सीटवर टेकते, ‘अ‍ॅडजस्ट करा’ म्हणते. मी आनंदाने सरकते. उद्या मीही तेच म्हणणार असते. पण दिराने माझी खोली घेतली आणि मला पडवीत अ‍ॅडजस्ट केलं. शाळेत कोणी रजेवर गेलं की तिचा वर्ग माझ्या गळ्यात. अ‍ॅडजस्ट करा. अध्यक्षांच्या बायकोला हा शब्द कोणी ऐकवल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्याही विधवा.

“लई मनाला लावून घिऊ नको, बाई. मी न्हाई का जन्मभर मागंच बसले? तवा तुमचा ह्यो इंग्रजी शब्द बी नव्हता.”

मला त्यांचा भयंकर राग आला. मग त्यांच्याकडे बघून रडू आलं.

यंदा मी रांगोळी काढली नाही. हिरवी साडी नेसले आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले. शेजारची बाई उठून मागे गेली. ताट आलं. मला ओलांडून पुढे सरकलं. अध्यक्षांची बायको वाकून पुटपुटली, “मॅडम, जरा अ‍ॅडजस्ट...”

“न्हाई.”

शाळेत मी असं घरचं कधी बोलत नाही. त्या दिवशी तेच तोंडातून आलं.

मला कोणी कुंकू लावलं नाही. वाणही दिलं नाही. सगळ्या जाईपर्यंत मी बसून राहिले.

नोकरी कंत्राटी आहे. जूनमध्ये काढतील बहुतेक. काढू देत. जिथे असेन तिथल्या हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत बसेन. आणि पुढच्या संक्रांतीला शेजारची खुर्चीही मी धरून ठेवणार आहे. तिथे सासूबाई बसतील.