बाबांच्या पिकअपचा टेप

आमच्या बाबांनी आयुष्यात कोणाचंच ऐकलं नाही, त्यामुळे त्यांना ऐकू येईनासं झालंय हे घरात कोणाच्या लक्षात यायला जागाच नव्हती.

नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात बाबांची जुनी पिकअप आहे. संत्र्याच्या हंगामात सकाळी ती गल्लीगल्लीतून फिरते, तोडणीच्या बायांना घेते, बगीच्यात सोडते आणि दुपारी क्रेट भरून नागपूरला येते. बाबा हॉर्न वाजवत नसत. टेपवर एक भजन ठरलेलं होतं. ते लांबून ऐकू आलं की बाया डबा उचलून कोपऱ्यावर येत. आमच्याकडे प्रत्येक गाडीचं असं एक गाणं असतं, कोणाची गाडी आली हे बघायला कोणी मान वर करत नाही.

या गाडीची चावी बाबांच्या बंडीच्या खिशात असायची. चावी ज्याच्याकडे, धंदा त्याचा आणि घरातला शब्दही त्याचा. माझ्या मोठ्या भावाचे केस पिकायला लागले तरी त्याला ती मिळालेली नव्हती. तो मागे क्रेटांवर बसून जायचा. एकदा मंडीत बाबांनी त्याला मुद्दाम गाडी मागे घ्यायला लावली, आणि ती खांबाला घासली तेव्हा हमालांना बोलावून बोलावून दाखवलं. "पाहा गा, हा माहा वारस हाये," म्हणाले. हमाल हसले, भाऊही हसला. त्या हसण्याची मला तेव्हाच भीती वाटली होती.

मागच्या हंगामात बाबा टेपचा आवाज वाढवत गेले. पलीकडच्या गावच्या बाया चेष्टेने विचारायच्या, काका, कोणाची वरात काढून राहिले? शेवटी स्पीकर फाटले, भजन खरखरायला लागलं आणि बाबांनी जाहीर केलं की टेप मेला. सगळ्यांना पटलं, कारण टेप खरंच म्हातारा होता.

मी नागपुरात मनीषनगरला राहते. बाबांचा फोन आला की ते आपलं सांगायचे आणि ठेवून द्यायचे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "तुह्या इकडे टेप मिळत असंन तं पाय वं." त्यांनी माझ्याकडे काही मागण्याची ती पहिलीच वेळ. मला बरं वाटलं, हे कबूल करते. असला कडू माणूस, तरी त्याने आपल्याकडे काही मागावं असं वाटतंच.

कोरा करकरीत सेट त्या खटाऱ्यात शोभला नसता आणि माझ्या खिशाला झेपलाही नसता. जरीपटक्यातल्या एका दुकानात मला अपघातात गेलेल्या कारमधून काढलेला सेट मिळाला. पुढे निळ्या दिव्यांची पट्टी, गाणं सुरू झालं की नाचणारी. स्पीकरही जुनेच, पण धडधाकट. मंडी आटोपून बाबा आणि भाऊ गाडी घेऊन आले. मीही चार दिवस माहेरी जाणार होते, म्हणून पिशवी घेऊनच दुकानात पोचले.

दुकानदाराने गाडीच्या दारांची पत्र्याची झाकणं उघडली. आत धूळ आणि वाळलेली संत्र्याची पानं. हे स्पीकर मोठे होते, ते बसायला त्याने दारातलं भोक वाढवून घेतलं, लाकडी कडं लावलं, वायर बदलली. बाबा पूर्ण वेळ त्याच्यावर ओरडत होते, तो बिचारा आपला हसत होता. मग बाबा ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि दुकानदाराने त्यांचं भजन लावलं.

आवाज खणखणीत होता. समोरच्या चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली.

"वाढव," बाबा म्हणाले.

त्याने वाढवला.

"वाढव ना गा. कायले कंजुशी करून राहिला?"

दुकानदाराने आणखी वाढवला आणि कानावर हात ठेवून मागे सरकला. माझ्या छातीत भजन दणदणत होतं. बाबा कपाळाला आठ्या घालून टेपकडे कान करून बसले होते. मी भावाकडे पाहिलं. त्याला माझ्याआधीच कळलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. आनंद होता.

त्याने खिडकीतून हात घातला आणि आवाज पार शून्यावर आणला. दिवे तसेच नाचत राहिले. मग बाबांच्या तोंडासमोर अंगठा उंचावून विचारलं, कसं काय?

बाबांनी त्या दिव्यांकडे पाहिलं. "हां. आता बराबर हाये," ते म्हणाले. "आता साफ येऊन राहिला आवाज." आणि स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून ते मान डोलवायला लागले.

रस्त्यावर इतकी शांतता होती की बोटांचा तो टकटक आवाज मला ऐकू येत होता. दुकानदाराने तोंड फिरवलं. टपरीवरचे लोक हसायला लागले. भावाने त्यांना हाताने जवळ बोलावलं, या, पाहा, म्हणून. मंडीत बाबांनी हमालांना बोलावलं होतं, अगदी तसंच.

"दादा, पुरे," मी म्हणाले.

"काहून? माह्या वेळी कोणी पुरे म्हटलं होतं का?"

त्याचं खोटं नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग आला. दोघांचाही आला. त्याने बाबांच्या कानाशी तोंड नेलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "बाबा, टेप बंद हाये." बाबांची बोटं थांबली. भावाने तळहात पुढे केला. बाबांनी त्या हाताकडे पाहिलं, चावी काढून त्यावर ठेवली आणि उतरून गाडीच्या दुसऱ्या बाजूला गेले.

परतताना भाऊ चालवत होता, मी मध्ये, बाबा खिडकीशी. भावाने भजन काढून आपलं गाणं लावलं होतं, तेही पूर्ण आवाजात. काटोल आलं. मग बाबांनी टेपकडे बोट दाखवून इतक्या हळू आवाजात विचारलं की त्यांच्या तोंडून तसा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. खरं तर मी ओठांवरूनच ओळखलं.

"टेप चालू हाये का गा?"

भावाने मान हलवली, हाताने खूण केली. बंद.

बाबांनीही मान हलवली. थोड्या वेळाने त्यांचा हात दारावर गेला, स्पीकरच्या जाळीवर. जाळी थरथरत होती आणि तिच्याबरोबर त्यांची बोटंही. गाव येईपर्यंत त्यांनी हात तिथून काढला नाही, आणि भावाला काही म्हटलंही नाही.