शेवटच्या रांगेतली बाई

हे बघा, आधी चहा संपवून घ्या. मधेच ठसका लागला तर मी जबाबदार नाही. डॉक्टर असले तरी!

तर मी इंग्लंडात, लीड्समध्ये भूलतज्ज्ञ. बावीस वर्षं माणसांना झोपवते आणि उठवते. मृत्यूचे दाखलेही ह्याच हातांनी लिहिलेत. जिवंत कोण आणि मेलेलं कोण, एवढं तरी मला कळायला हवं की नाही? लक्षात ठेवा हे.

आमची सई सतरा वर्षांची, तिकडेच वाढलेली म्हणून मराठी जरा मोडकं; ए-लेव्हलला, म्हणजे आपल्या बारावीला, फ्रेंच घेतलंय. तिच्या फिल्म क्लबने महायुद्धानंतरचा एक जुना फ्रेंच सिनेमा लावला होता, त्या काळी मोठ्ठं बक्षीस मिळवलेला. सिनेमा संपला की एक पाहुणी बोलणार आणि तिचं फ्रेंच सई स्टेजवरून इंग्रजीत सांगणार. पोरगी महिनाभर आरशासमोर तयारी करत होती. आणि मी कोण? तिची नाटकं, तिचा पियानो, सगळं हॉस्पिटलच्या ऑन-कॉल ड्युटीपायी हुकवलेली आई.

"आई, ह्या वेळी तरी येशील ना? पण प्लीज, मोठा आवाज नाही करायची."

"अगं, मी कशाला आवाज करू?"

रविवारची दुपार. पार्किंग मिळेल तर शपथ! पोचले तोवर सईचं प्रास्ताविक संपून सिनेमा सुरू झालेला. पाहुणी कोण, कुठली, काही कानावर पडलं नाही. चाचपडत शेवटच्या रांगेत बसले. सगळी माणसं पुढे, मागे मी एकटी. थिएटर जुनं, हीटिंग बंद असावं. कोट काढवेना.

पडद्यावर युद्ध संपलेलं गाव. आठेक वर्षांची एक पोर रोज जेवणाच्या टेबलावर न परतलेल्या बापासाठी ताट मांडते. डाव्या भुवईत जुन्या जखमेची पांढरी रेघ. फारसं कोणी बोलतच नाही. नुसता वारा, आणि दार वाजतंय.

आणि मला कुजबुज ऐकू आली.

माझ्याच रांगेत, एक खुर्ची सोडून, काळ्या कोटातली म्हातारी. मी बसले तेव्हा तिथे कोणीही नव्हतं! ती फ्रेंचमध्ये काहीतरी पुटपुटत होती. आधी वाटलं, सिनेमातलं वाक्य परत म्हणतेय. मग नीट ऐकलं. परत नाही हो! ती आधी पुटपुटायची आणि पडद्यावरची पोर नंतर तेच बोलायची.

मी पर्स घट्ट धरली.

पडद्यावर पोर तापाने फणफणली. आणि गेली. टेबलावर आता दोन रिकामी ताटं. म्हातारी माझ्याकडे झुकली आणि हळू इंग्रजीत म्हणाली, "आता मला जमिनीत पुरतील."

"सॉरी?" मी म्हटलं.

"पेटी लहान होती. झाकण लावल्यावर श्वास घेता येत नव्हता."

तेवढ्यात पडदा उजळला आणि तिच्या तोंडावर प्रकाश पडला. डाव्या भुवईत पांढरी रेघ.

सरळ सांगते, मी घाबरले. बावीस वर्षांचं मेडिकल सायन्स जागच्या जागी खलास! आठवल्या त्या नागपूरच्या हॉस्टेलच्या मेसमधल्या शांताबाई. "पोरी, भूत तोंड बदलवते, पाय नाई बदलवत. पाय उलटेच राह्यते त्याचे." सई लहान असताना जेवली नाही की मी तिला हीच गोष्ट सांगायचे.

पण पाय बघायचे कसे? मुद्दाम गाडीची किल्ली पाडली, खाली वाकले आणि फोनचा टॉर्च लावला.

काळे बूट. टाचा पुढे. चवडे मागे.

"अगं आई गंऽऽ! मारुतीराया, धाव रे!"

आणि दिवे लागले. सिनेमा संपला होता! अख्खं थिएटर वळून मागे बघत होतं. स्टेजवर माईक धरून सई उभी, तिचं वाक्य अर्धं बाहेर पडलेलं. "सिनेमातली ती छोटी मुलगी आज आपल्यात आहे. शेवटच्या रांगेत..."

ती छोटी मुलगी खुर्चीवर पाय वर घेऊन, मस्त मांडी घालून बसली होती. जमीन गार म्हणून तिने बूट काढून खाली ठेवलेले, ते नेमके उलटे. स्वतःचं मरण ती म्हणे नेहमी अंधारात गुपचूप मागे येऊन, शेवटच्या रांगेतूनच बघते.

आणि मी? गुडघ्यांवर. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात तिचा बूट.

काहीतरी करायलाच हवं होतं. मी नमस्कार केला. पाय वर होते, म्हणून बुटालाच केला. कपाळाला लावून!

सईने माईक सावरला. कान लालबुंद. मग म्हणाली, "आमच्याकडे मोठ्यांच्या पाया पडतात. ही माझी आई."

टाळ्या! म्हातारीने माझा हात हातात घेतला. हात उबदार होता. मी हळूच नाडी पण बघून घेतली, चांगली चालू होती.

नंतर बाहेर चहा घेताना त्या दोघी फ्रेंचमध्ये कितीतरी वेळ बोलत होत्या. मधूनच माझ्याकडे बघायच्या. म्हातारीने तर डोळे पुसले. मला भरून आलं. म्हटलं, बघा, आपले संस्कार माणसाला कसे भिडतात!

गाडीत बसल्यावर मात्र रडूच आलं. "सॉरी गं सई. महिनाभर राबलीस आणि मी वाट लावली."

"इट्स ओके, आई. तू आली ना." तिने कार्यक्रमाचा कागद माझ्यापुढे धरला. "तिने तुझ्यासाठी साइन केलाय."

"काय लिहिलंय? संस्कारांबद्दल?"

"आई, शांताबाईची गोष्ट तूच मला सांगायची. मी तिला सगळा खरं सांगितला."

आणि तिने वाचून दाखवलं. "डॉक्टरीणबाईंना. पाय सरळ आहेत. शंका आल्यास पुन्हा तपासावेत."

खाली सही. सहीखाली दोन पावलं काढलेली, बोटं पुढे.