खालून काप, वरून काप

"करवतीचा दांडा कुटं ठेवलास ते सांग, शालन. बंगल्यावरनं सारखा फोन येतोय."

"न्हाई सांगणार," शालन भांडी विसळता विसळता नवऱ्याला म्हणाली. "डोक्याचे टाके तरी सुकू द्या."

"टाके माझ्या डोक्याला पडलेत का तुझ्या?"

"रक्त माझ्या पदराला लागलंय."

सून यशोधरा दारात तांदूळ निवडत होती. "मामा, डॉक्टरांनी आराम सांगितलाय ना?"

"त्या डॉक्टरला जांभळीवर चढव आधी. मग बोलू."

शालननं पातेलं दाणकन पालथं घातलं. लग्न होऊन ती टाकवे गावात आली तेव्हा हनुमंत झाडावरच दिसायचा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर राब भाजायला ऐन-किंजळीच्या फांद्या लागायच्या, आणि त्यासाठी गाव त्यालाच बोलवायचं. अनवाणी चढायचा, फांदीवर वरून कोयता घालायचा. फांदी मोडून सालीला लोंबली की वरूनच लाथ मारून खाली पाडायचा. त्याच कसबावर पुढं लोणावळ्याच्या बंगल्यांवरची झाडं छाटायची कामं मिळाली.

मग उंचावर भोवळ यायला लागली. मुलगा विक्कीनं लांब दांड्याची करवत आणून दिली. 'आबा, पाय जमिनीवर राहू देत,' म्हणाला. आधी फांदीला खालून थोडा काप द्यायचा, मग जरा टोकाकडं सरकून वरून कापायचं, म्हणजे फांदी सालीला न लोंबता सुटून पडते, आणि फांदीच्या खाली उभं राहायचं नाही. सगळं त्यानं दोघांना करून दाखवलं. हनुमंत हसला होता. "एक फांदी दोनदा कापायची व्हय रं? मला काय आज कळाया लागलं झाड?"

गेल्या आठवड्यात बंगल्यावरच्या जांभळीची फांदी त्यानं नेहमीसारखी नुसती वरून कापली. ती अर्धवट मोडली, सालीला लोंबली आणि झोका घेऊन खोडाकडं आली. झाडावर असता तर तो तिच्या वर असता. आता तो खाली होता, मान वर करून, दोन्ही हातांत दांडा धरून. फांद्या ओढायला आलेली शालन ओरडली, पण आवाज पोचेपर्यंत फांदी पोचली होती.

"बरं, राहू दे तुझा दांडा," हनुमंतानं खुंटीवरचा कोयता काढला. "आपला कोयता हाय. चढून तोडतो."

शालनचे हात पाण्यातच थांबले. हा नुसता धाक नव्हता, तो खरंच चढला असता. करवत दिली तर पुन्हा फांदीखाली जाऊन उभा राहणार, नाही दिली तर झाडावर भोवळ येणार. कामाला जाऊ नका म्हणावं तर हा माणूस दोन दिवस घरात बसला की जेवण टाकतो. विक्कीला फोन करावा, तर तो कंपनीत, आणि म्हणणार, आई, तूच समजाव ना. समजावून समजावून तर तिचे केस पिकले होते.

तिनं उजवा हात वर करून बघितला. हिवाळ्यापासून खांदा धरला होता, हात कानाच्या वर जात नव्हता. आताही गेला नाही.

"ही काय कवायत?" हनुमंत म्हणाला.

तरी तिनं पदराला हात पुसले आणि दोघांना ऐकू जाईल असं सांगितलं, "उद्यापासनं करवत मी चालवणार, विक्कीनं दाखवलं तशी. तुमी लांब उभं राहून कुटली फांदी ते सांगायचं. यशोधरा, सकाळचा सैपाक तुझ्याकडं."