पुण्याचा हुकूम, रास अल खैमाचं कोर्ट

मंदीत माझी नोकरी वाचली आणि माझ्या पूर्वीच्या नवऱ्याची गेली. तो दुबईत होता, मी शेजारच्या रास अल खैमात टाइल्सच्या कंपनीत, एक्स्पोर्टला. लेक राहायची माझ्याकडे, पण तिचा व्हिसा त्याच्या नावावर. त्याचा व्हिसा रद्द, म्हणजे तिचाही रद्द. महिन्याभरात तो माझ्या नावावर झाला नाही, तर नऊ वर्षांच्या पोरीला देश सोडावा लागणार होता.

मी म्हटलं, त्यात काय एवढं! पुण्याच्या फॅमिली कोर्टाचा हुकूम आहे की माझ्याकडे, मुलीचा ताबा आईकडे. व्हिसासाठी तो इथल्या कोर्टाने मान्य करायला हवा होता, म्हणून ऐटीत हुकूम घेऊन तिथे गेले. खिडकीतल्या मल्याळी क्लार्कने कागद उलटसुलट केला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, ये लॅमिनेट किसने किया?"

मीच, दुसरं कोण! आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटपासून जे जपायचं ते लॅमिनेट. त्याने समजावलं: दोन्ही देशांत करार आहे, तुमच्या कोर्टाचा हुकूम इथला जज्ज मानू शकतो, पण त्यावर मुंबईत राज्य सरकारचा, दिल्लीत परराष्ट्र खात्याचा आणि इथल्या देशाच्या तिथल्या वकिलातीचा शिक्का हवा. प्लास्टिकवर शिक्का कोण मारणार? "ये तो खलास," म्हणाला. घरी येऊन मी स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

नवी प्रत पुण्यातूनच काढायला हवी होती. आई-बाबा थकलेले, मला रजा नाही. तोवर माझा पूर्वीचा नवरा पुण्याला परतला होता. फोनवर म्हणाला, "मी काढतो." ज्या हुकमाने पोर याच्याकडून काढून घेतली, त्याचीच प्रत काढायला हा रांगेत उभा राहणार? छे! मी तोंडावर बोललेसुद्धा, "घोळ घालू नकोस हं." मुंबई, दिल्ली सगळं त्यानेच केलं, आणि अठराव्या दिवशी कुरियर आलं, शिक्क्यांसकट.

अरबी भाषांतर जोडून लेक आणि मी जज्जसमोर उभ्या राहिलो. त्यांनी शांतपणे सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, वडिलांची हरकत आहे का? मी त्याचं संमतिपत्र पुढे केलं. ते मी मागितलंही नव्हतं, त्यानेच आपणहून करून पाकिटात घातलं होतं. जज्जनी मान डोलावली. हुकूम मान्य! मी बाहेर येऊन पायरीवरच बसले.

"सो आय कॅन स्टे?" लेकीने विचारलं.

"राहा बाई, राहा," म्हणत मी ढसाढसा रडले. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

मग त्याला फोन लावला. "सुटलो बुवा," तो म्हणाला. मग चाचरत, "त्या हुकमात उन्हाळ्यात पंधरा दिवस लिहिलेत ना, माझ्याकडे?"

"हुकूम राहू दे कपाटात," मी म्हणाले. "सगळी सुट्टी ठेवून घे तिला."